नरहरी सावे यांचे कान

उक्त इसम नामे नरहरी वामन सावे, वय वर्षे छप्पन्न, राहणार तारापूर परिसर, पद पॅनेल चालक श्रेणी दोन, सेवा एकोणतीस वर्षे सात महिने. बांधा मध्यम, वर्ण सावळा, उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याची खूण. व्यसन तंबाखू, कामाच्या वेळेबाहेर. वर्तणूक समाधानकारक, यापूर्वी एकदा उत्कृष्ट सूचनेबद्दल गौरविण्यात आले आहे. दृष्टी चष्म्यासह पुरेशी. श्रवणक्षमता अपुरी. सबब, घटनेच्या दिवशी संगणकाने दिलेला ध्वनी-इशारा वाजूनही उक्त इसमास ऐकू आला नाही, अथवा ऐकू येऊनही त्याने त्याकडे दुर्लक्ष केले, असे समितीचे एकमत आहे.

ऐकू न आलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि दुर्लक्ष करायचं तर आधी ऐकू यावं लागतं. समितीत तीन जण होते, त्यामुळे एकमतात एखादा ‘अथवा’ खपून गेला.

कारखाना बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला, मधल्या आकाराचा. तिथे रंगवाल्यांना लागणारी एक पिवळी भुकटी बनते. ती ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये शिजते त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे नरहरीचं काम. तो लागला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पॅनेलच्या खोलीत भिंतभर तापमान-दाब दाखवणारी काटेवाली घड्याळं होती आणि छताला एक भोंगा. तापमान चढलं की तो असा बोंबलायचा की बेटेगावच्या रस्त्यावर म्हशी थबकायच्या, असं नरहरी सांगे. म्हशींचं सोडा, पण खालची माणसं थबकायची आणि मग पळायची, हे खरं होतं.

सहा वर्षांपूर्वी बहुतेक घड्याळं गेली, भोंगाही गेला. त्यांच्या जागी एक पडदा आला. पडद्यावर ब्राउझरमध्ये उघडलेलं एकच पान. त्यात गोल तबकड्या काढलेल्या, त्यांत काटे काढलेले, खाली उठावदार दिसणारी पण हाताला सपाट लागणारी बटणं. भोंग्याऐवजी टेबलावर सायरन वाजवणारा, चहाच्या डब्याएवढा स्पीकर.

“काटे तर तेच हायत,” नरहरी पहिल्या दिवशी म्हणाला होता. “फक्त खोटे हायत.”

“भाऊ, तुमची मज्जा हाय,” चिंतू वरठा त्याला म्हणे. “तुमी वरतं गारव्यात टीवी बघता, आमी खाली शिजतो.”

चिंतू खाली रिअ‍ॅक्टरच्या फलाटावर माल भरायला असे. बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा, पंचेचाळिशीचा, कंत्राटी. एकोणीस वर्षं कंत्राटी राहिला, म्हणजे कायम होता असं म्हणायला हरकत नाही. पावसाळ्यात तो नरहरीला रानातली कंटोळी आणून देई. नरहरीची बायको प्रेमला त्या बदल्यात सुक्या बोंबलांची चटणी स्टीलच्या डब्यातून पाठवी. डब्यावरून दोघांत कायमची कटकट.

“डबा परत आण रे.”

“आणतो का नाय! चटनी संपली का आणीन.”

“संपली नाय अजून? पंधरा दिवस झाले.”

“थोडी थोडी खातो, भाऊ. तुमची बायको हातानं नाय, रागानं मिरची घालते.”

नरहरीला कंपनीने गौरवलं ते त्याच्या एका सूचनेबद्दल. झालं असं की दुसऱ्या पाळीत पोरं त्याच पडद्यावर क्रिकेट बघायची. एकदा कुणीतरी धूळ पुसायला माउसवरून फडकं फिरवलं आणि ठरवलेल्या ऐंशी अंशांचे आठ होऊन बसले. अख्खी खेप गोठून दगड झाली. सूचनापेटीत नरहरीने चिठ्ठी टाकली : ‘पॅनेलवर फक्त बघायचे असते. हात लावायचे काम नसते. तरी माउस व कीबोर्ड ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवून किल्ली साहेबांकडे असावी. संगणक आपोआप चालू होतो, पान आपोआप उघडते.’

सूचना उत्तम होती. सायरन वाजला की चालकाने करायचं ते भिंतीवर होतं : एका फोनवरून खाली ‘बाहेर पडा’ सांगायचं, आणि एक खटका दाबून राखीव पंपाचं थंड पाणी सोडायचं. माउस लागायचा फक्त सायरन गप्प करायला, आणि त्यासाठी साहेबांना किल्ली घेऊन यावं लागे. म्हणजे सायरन वाजला की साहेब हजर, हा वरचा फायदा. प्लांट मॅनेजर चिरागसाहेबांनी नरहरीला सगळ्यांसमोर प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ घरी ओटीवर लागलं. प्रेमला म्हणाली, “एवढ्या वर्षांत एक वस्तू दिली, ती पण उशीर झाला की टोमणा मारणारी.”

दिवाळीआधी संगणक बदलला. जुना फारच कुथत होता. कंत्राटदाराचा माणूस नवा घेऊन आला. त्यात नवा ब्राउझर, त्याच महिन्यात निघालेला. पान त्यात उघडलं ते जरा वाकडं. दोन तबकड्या एकमेकींवर चढल्या, बटणांचे कोपरे गोल झाले, तापमानाचा चौकोन घसरून खाली गेला. त्या माणसाने आपल्या पिशवीतून आपला माउस काढला, तासभर टकटक करून सगळं जागेवर आणलं. मग खोटं तापमान भरलं. सायरन खणखणीत वाजला. चिरागसाहेबांनी टाळी वाजवली. तपासणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून नरहरीने सही केली. माणसाने आपला माउस पिशवीत घातला आणि गेला.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वसाहतीतली वीज गेली. शनिवारी आली. संगणक आपोआप चालू झाला, पान आपोआप उघडलं, तबकड्या जागेवर. सूचनेत लिहिलं होतं अगदी तसं.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला नरहरी तासाची नोंद घ्यायला उठला. वाफेच्या दाबाची चार जुनी घड्याळं अजून मागच्या भिंतीवर होती. त्यांचे आकडे वहीत उतरवायचे, गेल्या आठवड्याच्या पानाशी ताडून बघायचे. पाठ पडद्याकडे, कान पडद्याकडे. तीस वर्षं तो असाच काम करत आला होता. डोळे चुकतात, डुलकतात, चष्म्याला घाम येतो. कान आपलं बसून असतात.

दहा एक्केचाळीसला थंड पाण्याचा पंप बंद पडला. पडद्यावरचा आकडा लाल झाला आणि लालच राहिला. दहा बावन्नला झाकणाच्या कडेने गरम वाफ सुटली. चिंतू फलाटावर होता.

नरहरीने पहिला आवाज ऐकला तो चिंतूचा. बंद काच, तिच्याखाली चालू असलेले दोन पंखे आणि एक मिक्सर, एवढ्यातून ऐकला. जबानीत त्याने हे सांगितलं. समितीने ते लिहून घेतलं नाही, कारण प्रश्न सायरनबद्दल होता.

चिंतू तिसऱ्या दिवशी गेला.

संगणकाची नोंद समितीने मोठ्या कागदावर छापून आणली होती. ‘१०:४१:०८. ध्वनी-इशारा : वाजवला.’ खाली दर दहा सेकंदांनी तेच. सहासष्ट वेळा वाजवला.

“सावेभाई,” चिरागसाहेब म्हणाले, “मशीन झूठ नाही बोलत. तुमी बोला, काय झाला?”

“वाजला नाय, साहेब.”

“सहासष्ट वेळा वाजला.”

नरहरीने कागदाकडे पाहिलं. सहासष्ट ओळी होत्या. त्याने मोजल्या.

मग त्याचे कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कानांत शिट्ट्या वाजवल्या. उंच स्वर काही त्याला आले नाहीत. तीस वर्षं मिक्सरशेजारी काढलेल्या कुणालाच ते आले नसते. पण तपासणी त्याची एकट्याची होती. कागदावर उतरणारी रेघ आली आणि समितीचं काम सोपं झालं. चिरागसाहेब वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, “आता आराम करा. कान तो कान आहे, वय होतो.” नरहरीने राजीनाम्यावर सही केली. त्यात ‘स्वखुशीने’ हा शब्द आधीच छापलेला होता.

नोकरी गेल्याचं त्याला फार वाटलं नाही. त्याला खात राहिलं ते दुसरंच. सायरन वाजला होता का? वाजला असेल आणि आपण ऐकला नसेल, तर चिंतूला आपण मारलं. वाजलाच नसेल तर नाही. एवढा साधा हिशोब, आणि तो सोडवायला त्याच्याकडे दोन कान होते, ज्यांच्यावर त्याचाच विश्वास उरला नव्हता.

तो दिवसभर ओटीवर बसे आणि ऐकत राही. प्रेमलाने चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, “भाताला आधण ठेवलंय.”

“ऐकलं.”

थोड्या वेळाने आतून खण्णकन आवाज.

“काय पडलं सांगा.”

“तांब्या.”

“डब्याचं झाकण.”

“तांब्या होता.”

“बरं, तांब्या. बयऱ्या माणसाला काय पडलं ते कळतं होय? उगाच कुणी सांगितलं न् तुमी झालात बयरे!”

पुढे तो तिचा छंदच झाला. ताटात चवळीचा एक दाणा टाकी आणि विचारी, किती? वाडीत नारळ पडला की विचारी, कुठला माड? नरहरी बरोबर सांगे. कंपनीच्या घड्याळाची टिकटिक तर त्याला अंगणापलीकडून येई. पण तिची खात्री पटत गेली तशी त्याची ढळत गेली. नारळ ऐकू येतो. पण नारळ काय, सायरन नव्हे. ती वरच्या स्वराची शिट्टी नेमकी कानातून गेली असेल तर? गेलेला आवाज गेला हे माणसाला कळणार कशानं?

बुधीकडे, म्हणजे चिंतूच्या बायकोकडे, तो दहाव्याला गेला होता आणि पाड्याच्या तोंडाशीच थांबून परत आला होता. वडाखाली बसलेल्या बायकांत एकजण दुसरीला म्हणाली, “तो बगा, तो बयरा.” तेवढं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

माघात त्याची मुलगी दिशा सुट्टीला घरी आली. ती पालघरला एका छोट्या कंपनीत होती. काम काय, तर लोकांची संकेतस्थळं नव्या ब्राउझरमध्ये उघडून बघायची : बटण दाबलं जातं का, यादी उघडते का, तारखेचा चौकोन तारीख घेतो का. नरहरी शेजाऱ्यांना सांगे, “पोरगी बटणं दाबते. बाप बघायचा, पोरगी दाबते.”

दुपारी ती आईबरोबर ओटीवर वाल सोलत होती आणि आपल्या कामाचं रडगाणं गात होती. कुठल्याशा खानावळीचं पान होतं. गिऱ्हाइकाची मागणी आली की त्यात घंटी वाजायची. नव्या ब्राउझरमध्ये वाजेना. मागण्या येऊन पडल्या, आचाऱ्याला पत्ता नाही.

“का नाय वाजली?” नरहरीने विचारलं.

“अहो बाबा, पूर्वी पान उघडलं की जाहिराती बोंबलायच्या ना? लोक वैतागले. म्हणून आता ब्राउझरवाल्यांनी नियमच केलाय. माणसाने पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय, निदान एखादी की दाबल्याशिवाय, पानाने आवाज काढायचा नाही. एकदा दाबलं की मग वाजतं. पण संगणक बंद करून परत उघडला की पुन्हा पहिल्यापासून.”

नरहरीने वालाचं सूप बाजूला सारलं.

“मग वहीत काय येतं? वाजवला म्हणून येतं का नाय वाजवला म्हणून?”

“कुठल्या वहीत?”

“नोंदीत.”

दिशाने त्याच्याकडे पाहिलं. तिला आता समजलं. ती हळू आवाजात म्हणाली, “प्रोग्रामने ‘वाजव’ म्हटलं की तो ‘वाजवला’ लिहून मोकळा होतो. वाजला का, ते विचारायचं कुणी त्याला शिकवलं नसेल तर तो विचारत नाही.”

“आमच्या साहेबासारखा,” प्रेमला म्हणाली.

दिशाने लॅपटॉप काढला, तासाभरात एक पान जुळवलं. उघडलं. पडद्यावर अक्षरं आली : वाजवला. वाजवला. वाजवला. ओटीवर फक्त घड्याळाची टिकटिक. मग तिने पानावर एकदा क्लिक केलं आणि सायरन असा वाजला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

“बंद कर. परत उघड.”

वाजवला. वाजवला. शांतता.

“परत.”

अकरा वेळा त्याने तिला ते करायला लावलं. अकराव्यांदा प्रेमलाच म्हणाली, “पुरे आता. कळलं ना? तुमचे कान चांगले हायत. मी कवापासून सांगते.”

नरहरी भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. घड्याळावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘उत्कृष्ट सूचनेसाठी’. कान चांगले होते. माउस ड्रॉवरमध्ये होता. नुसता टेबलावर असता तर शनिवार ते मंगळवार, चार दिवसांत कुणा ना कुणाचा हात लागलाच असता. क्रिकेट बघायला लागला असता. फडक्यानं लागला असता.

त्याने समितीला अर्ज लिहिला, स्वतःच्या अक्षरात, एक पान. सायरन का वाजला नाही ते लिहिलं. कंत्राटदाराच्या माणसाने स्वतःच्या माउसने तपासणी केली म्हणून त्या दिवशी वाजला, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं : ‘माउस व कीबोर्ड कुलपात ठेवण्याची सूचना माझीच होती, हेही नोंदवावे. तरी ते आजच्या आज बाहेर काढावेत.’

प्रेमलाने वाचलं. “शेवटचं कशाला लिवलंत? कोण विचारत होतं?”

नरहरीने पाकीट चिकटवलं.

बोईसरला जाऊन त्याने ते टपालात टाकलं आणि तसाच पाड्यावर गेला. या वेळी वडाशी थांबला नाही. बुधी दारात करवंदीच्या काटक्या मोडत बसली होती. तिने त्याला बघून पाणी आणलं, पण बसा म्हणाली नाही. तो उभ्यानेच बोलला. ब्राउझर वगैरे शब्द त्याने वापरले नाहीत.

“बुधी, सायरन वाजलाच नाय. मशीन लिवत बसलं, वाजला नाय. माझी पोरगी बटणांतलं जाणते, तिनं करून दाखवलं.”

“वाजता तं तुमी खाली सांगला असता?”

“सांगितलं असतं. फोन भिंतीवर होता. दोन पावलांवर.”

“मंग कशान् नाय वाजला?”

“त्याला कुणीतरी एकदा हात लावायला लागतो. हात लावायचं यंत्र कुलपात होतं. कुलूप लावा म्हणून मीच सांगितलं होतं. दोन वर्षांआधी. चांगलं व्हावं म्हणून.”

बुधीने हातातली काटकी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

“इतके दिस मी लोकांना सांगते, भाऊ बयरा हाय, त्याचा काय दोष,” ती म्हणाली. “आता काय सांगू?”

नरहरीने पाण्याचा पेला उंबऱ्यावर ठेवला.

“तुमी बयरं होतात त्येच बरं होतं,” ती म्हणाली.

मग उठून आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. घासून लख्ख केलेला. “तुमचा हाय. चटनी ऱ्हायली होती थोडी. पोरांनी खाल्ली.”

नरहरीने डबा पिशवीत घातला. रस्त्याला लागेपर्यंत झाकण पिशवीत वाजत राहिलं.

समितीचं उत्तर दीड महिन्याने आलं. अर्ज मुदतीनंतर आला असला तरी सहानुभूतीने विचारात घेण्यात आला आहे, असं त्यात होतं. संगणकीय नोंद व वैद्यकीय अहवाल यांत विसंगती नसल्याने निष्कर्षात बदल करण्याचे कारण दिसत नाही. तथापि अशा घटनेची पुनरावृत्ती टाळण्यासाठी पुढील सुधारणात्मक उपाय योजण्यात आले आहेत : नव्या पॅनेल चालकाची श्रवण-चाचणी घेण्यात आली असून ती समाधानकारक आहे, ध्वनी-इशाऱ्यासाठी दुप्पट क्षमतेचा स्पीकर बसविण्यात आला आहे, कार्यवाही पूर्ण.

नवा चालक म्हणजे पंढरी, आधी दुसऱ्या पाळीत होता तोच. रविवारी बोईसरच्या बाजारात सातपाटीच्या कोळणीपाशी बोंबलांचा भाव करताना तो नरहरीला भेटला.

“वाजला का नवा?”

“बसवला त्या दिवशी वाजला, भाऊ. कानठळ्या बसल्या.”

“कुणी वाजवून दाखवला?”

“त्याच माणसानं. त्याचा माउस होता.”

“त्यानंतर वीज गेली?”

पंढरीने मान खाली घातली. “दोनदा. मी साहेबांना बोललो, तुमचं पण सांगितलं. ते म्हणाले, सूचना असेल तर लेखी द्या, पेटीत टाका. टाकली.” मग तो जवळ सरकला. “मी आता आकडाच बघत बसतो, भाऊ. मागच्या घड्याळांची नोंद अंदाजानं लिवतो. मान वळवत नाय. लघवीला पण जात नाय.”

“आठ तास?”

“आठ तास.”

कोळीण ओरडली, “अवो, घेताव का नाय? का नुसता वासच नेताव घरी?” दोघांनी अर्धा अर्धा वाटा घेतला.

सूचनापेटी दर तीन महिन्यांनी उघडतात. माउस ड्रॉवरमध्ये आहे.